तोकुशिमात ताशा

चिठ्ठीत तोकुशिमा निघालं आणि अख्खा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू माझं विमान चुकून भलत्याच देशात उतरलंय.

बहरीनमधल्या आमच्या ईसा टाउनच्या शाळेत दर जानेवारीत मेळा असतो. यंदाचा विषय जपान. प्रत्येक गटाला एक शहर, त्या शहराचा एक स्टॉल. आणि सगळ्या गटांमधून एकालाच शेवटी मोठ्या स्टेजवर समारोपाचा कार्यक्रम करायला मिळणार. आर्याच्या गटाला क्योतो मिळालं. ती लगेच पाठ ताठ करून अशी बसली, की किमोनो घालूनच जन्माला आली असावी. आम्हाला तोकुशिमा.

"हे शहर आहे की सुशीचा प्रकार?" माझी जिवलग मैत्रीण नाझिश कानात कुजबुजली.

"शहर आहे," मी म्हटलं. खरं तर मला तेवढंही माहीत नव्हतं. तरी मी उभी राहिले आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिस, समारोप आमचा."

इथे सांगायला हवं, की मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट' इतक्या हळू म्हणायचे, की वर्गात बसून माझी गैरहजेरी लागायची. या वर्षी आवाज फुटला. कसा ते मलाच माहीत नाही. आई म्हणते, वय आहे. बाबा म्हणतो, देवाने आमची परीक्षा घ्यायचं ठरवलंय.

हमीदा मिसनी चष्म्यावरून बघितलं. "कश्मिरा, दोन गोष्टी ऐकून घे. एक, समारोपाला संगीत जिवंत हवं. स्पीकरवर गाणं लावून नाचणाऱ्यांनी अर्ज करू नये. दुसरी, प्रमुख पाहुण्या मोरिमोतो बाई आहेत. त्यांचे मिस्टर इथे इंजिनिअर आहेत. आणि त्यांचं माहेर तोकुशिमा."

वर्गात 'ऊऽऽ' झालं.

"म्हणजे तू जे काही करशील," मिस म्हणाल्या, "ते खरं आहे की खोटं, हे त्या हॉलमध्ये एकाच व्यक्तीला कळणार. आणि ती पहिल्या रांगेत बसणार."

त्याच क्षणी मला समारोप हवाच झाला. आर्याला हरवायला म्हणून तर होताच, पण आता आणखी एक कारण होतं. कोणाला तरी आपलं माहेर माहेरासारखं दिसायला हवं, ही फार मोठी जबाबदारी आहे हो!

*

संध्याकाळी जेवताना मी घरात तोकुशिमा वाढलं. आमचं घर अदलियात आहे आणि जेवणाच्या टेबलाचा बाबाच्या बाजूचा अर्धा भाग पुण्यात आहे. बाबा, म्हणजे जयप्रकाश, एका बँकेत ऑडिटमध्ये आहे. त्याला जगातलं काहीही दाखवा, त्याच्याकडे पुण्यात त्याहून बरं असतं.

"तोकुशिमात एक डोंगर आहे, बिझान. शहरात कुठूनही बघितला तरी भुवईसारखा दिसतो. वर जायला रोपवे आहे."

"पर्वती," बाबा म्हणाला.

"पर्वतीला रोपवे नाहीये."

"लागत नाही. आमच्याकडे लोकांना पाय आहेत."

आई हसू दाबत आमटी वाढत होती. मी सोडलं नाही. "जवळच नारुतो म्हणून आहे. तिथे भरती-ओहोटीला समुद्रात एवढाले भोवरे पडतात. लोक बोटीत बसून बघायला जातात."

"जुलैमध्ये भिडे पुलावर उभी राहा. तिकीट नाही, बोट नाही."

"सुदाची म्हणून हिरवं, आंबट फळ असतं. माशावर पिळतात, नूडल्सवर पिळतात..."

"लिंबू म्हण ना मग. एवढी ओळख कशाला?"

"आणि ऑगस्टात आवा ओदोरी! म्हणजे नाच. अख्खं शहर रस्त्यावर येतं. नाचणाऱ्यांचे गट असतात, त्यांना रेन म्हणतात. बायकांच्या डोक्यावर अर्धचंद्रासारख्या गवती टोप्या, पुरुष गुडघ्यात वाकून, आणि सोबत ढोल, बासरी, पितळी टोल..."

बाबाचा घास हातातच राहिला. "ताल कसा असतो?"

मी मोबाइलवर ऐकवलं. बाबाने मान वाकडी करून ऐकलं आणि डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप चालायला लागली. आमटीच्या वाटीत लाटा उठल्या.

आईने माझ्याकडे भुवई उडवली, बिझान डोंगराएवढी. "लाइव्ह म्युझिक हवंय ना तुला? ताशा आहे की घरात."

ताशा आहे, हे खरं. कॉलेजात असताना बाबा एका पथकात ताशा वाजवायचा. इथे येताना त्याने बॅगेत कपडे कमी आणि ताशा आधी भरला, असं आई सांगते. आता तो कपाटावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खाली उतरतो.

"बाबा, तू वाजवशील आमच्यासाठी?"

"छे छे!" बाबाने हात झटकले. "मी कुठला आता. हात राहिलाय का? आणि तो जपानी ताल, त्यात आपला ताशा... नको, नको. दुसरं कोणीतरी बघ."

"ओके बाबा, नो प्रॉब्लेम!" मी म्हटलं आणि पापड घेतला.

मला स्वतःचं कौतुकच वाटलं. शाळेत आम्हाला शिकवलंय, समोरचा 'नाही' म्हणाला की त्याचा मान ठेवायचा. मी ठेवला. दुसऱ्या दिवशी जुनैदला पकडलं. तो शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. तो म्हणाला, "यल्ला, डन," आणि माझ्या मते प्रश्न खलास झाला.

*

पण प्रश्न दोन ठिकाणी राहिला होता. एक, पायात.

आवा ओदोरीचं सगळं गुपित एका गोष्टीत आहे. उजवा पाय पुढे तर उजवाच हात पुढे, डावा पाय तर डावाच हात. आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. करून बघा. आपण जन्मभर उलटं चालतो, हे तेव्हा कळतं. त्यात जुनैद वाजवतो मार्चिंग. त्याच्या ड्रमची पहिली थाप पडली की आमचे पाय आपोआप लेफ्ट-राइट करायचे आणि हात विरुद्ध बाजूला पळायचे.

"आपण तोकुशिमाला चाललोय की सलामी द्यायला?" नाझिशने विचारलं.

"मी बरोबर वाजवतोय," जुनैद म्हणाला. बरोबरच वाजवत होता. तोच तर त्रास होता.

दुसरा प्रश्न घरात होता. बाबा गप्प झाला. म्हणजे बोलत होता, पण पुणं बंद. मी मुद्दाम सांगितलं, की तोकुशिमात बाहुल्यांची नाटकं होतात आणि एकेका बाहुलीला तीन-तीन माणसं चालवतात. यावर एरवी बाबाने किमान सरकारी कार्यालयांचा दाखला दिला असता. आता म्हणाला, "अच्छा. छान."

अच्छा? छान? मी आईकडे बघितलं. आईने भांड्यांकडे बघितलं.

"ड्रमवाला मिळाला ना?" बाबाने पाणी पिता पिता विचारलं.

"हो, जुनैद. मस्त वाजवतो."

"उत्तम. तरुण मुलांनीच करावं हे सगळं." आणि तो उठून बातम्या बघायला गेला. टीव्हीचा आवाजसुद्धा त्याने कमी ठेवला होता. हे फार गंभीर लक्षण आहे.

*

शनिवारी मी नईम भागात नाझिशच्या घरी गेले. खाली तिच्या वडिलांचं, मुख्तारचाचांचं, कापडाचं दुकान आणि वर घर. ते मूळचे रत्नागिरीचे. तोकुशिमाची निळी रंगाई फार जुनी आणि प्रसिद्ध आहे, म्हणून आम्ही पांढऱ्या कापडाला सुतळीच्या गाठी मारून बादलीत निळ्या रंगात बुडवत होतो. हातमोजे घालायचे असतात हे पाकिटावर लिहिलं होतं. पाकीट वाचलं नंतर. कोपरापर्यंत आम्ही दोघी निळ्या.

"अल्ला!" नाझिशची अम्मी, महमुदाचाची, दारात येऊन थबकली. "या पोरींना धुवायचं की वाळत घालायचं?"

मग तिने आम्हाला आधी खायला बसवलं. सांदणं होती, तांदळाच्या रव्याची, गरम, वर नारळाचं दूध. मी दोन खाल्ली.

"आणखी घे गो."

"नको चाची, पोट भरलं."

तिने ऐकलंच नाही अशा थाटात दोन वाढली. मी म्हटलं, "चाची, खरंच नको म्हटलं ना मी."

"म्हटलंस की. ऐकलं मी. म्हणून तर वाढली."

"म्हणजे?"

"अगो बाय, पहिला नको तो लाजेचा. दुसरा नको तो रीतीचा. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा आला, तर समजायचं पोट भरलं." ती हसायला लागली. "आणि पहिल्याच नकोला जो भांडं उचलून नेतो ना, त्याच्या घरी पाहुणा परत पाय ठेवत नाय. घरी जाऊन सांगतो, उपाशी उठवलं मला."

मी हातातलं सांदण परत ताटात ठेवलं.

"नाझिश," मी म्हटलं, "मी माझ्या बाबाला उपाशी उठवलंय."

सगळं सांगितल्यावर नाझिश इतकी हसली, की तिच्या निळ्या हाताचा ठसा तिच्याच गालावर उमटला. "तो 'छे छे' म्हणाला आणि तू 'ओके' म्हणालीस? आणि वर पापड घेतलास?"

"मला काय माहीत! 'नको' म्हणजे नको ना?"

"वर्गात असेल," महमुदाचाची म्हणाली. "ताटापाशी नाय."

आवाज फुटला म्हणून काय झालं, बाबाची भाषा मला अजून यायची होती.

*

घरी आल्यावर मी आईला विचारलं. ती इस्त्री करत होती. "तुला आत्ता कळलं? अगं, लग्नाआधी त्याच्या घरी गेले होते. चहा विचारला, मी नको म्हटलं. पाच वेळा विचारला. सहाव्या वेळी विचारलंच नाही, सरळ कप हातात. त्या घरात पहिलं 'नको' म्हणजे नुसतं दार वाजवणं असतं. आणि तू दार उघडायच्या आत निघून आलीस."

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला बघायचं होतं, तो स्वतः तोंड उघडतो का. नाही उघडत. मीही बघतेच आहे."

मी बाबापाशी गेले. "बाबा, वाजव ना रे आमच्यासाठी. प्लीज."

"आता जुनैद आहे ना."

"जुनैद मार्चिंग वाजवतो. आमचा नाच परेड होतोय."

"शिस्त बरी असते," बाबा म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

आता हा दुसरा नको. पण रीतीचा, की खरोखर रुसव्याचा? चाचीने रुसव्याचा आकडा सांगितला नव्हता.

हमीदा मिसनी रंगीत तालीम बघून समारोप आम्हाला दिला, पण कपाळाला आठी घालूनच. "जिवंत संगीत आहे, एवढ्यावर देतेय," त्या म्हणाल्या. "नाच मात्र अजून बहरीनमध्येच आहे. तोकुशिमात पोचवा."

*

मेळ्याच्या दिवशी बाबा मला गाडीने शाळेत सोडायला निघाला. आई पुढे, मी मागे, मांडीवर टोप्यांचं गाठोडं. टोप्या म्हणजे मनामाच्या बाजारातल्या खजुरीच्या पानांच्या गोल चटया, मधोमध दुमडून रिबिनीने बांधलेल्या. लांबून अगदी खऱ्या, जवळून थोड्या जेवणाच्या टेबलाच्या.

"बाबा," मी तिसऱ्यांदा सुरू केलं, "तू आलास ना, तर..."

"मी बघायला येतोय. तेवढं पुरे. आता पुन्हा तो विषय नको."

झालं. तिसरा नको. ताटावर हात आडवा. मी खिडकीबाहेर बघत बसले. सखीरच्या रेस ट्रॅककडे जाणाऱ्या रस्त्याला रेसच्या सरावाला निघालेल्या गाड्यांची गर्दी होती. त्यावरसुद्धा बाबा काही बोलला नाही. एरवी त्याने लक्ष्मी रोड काढला असता.

शाळेच्या पार्किंगमध्ये मी वेलींचा पूल काढायला डिकी उघडली. तोकुशिमाकडच्या इया खोऱ्यात नदीवर वेलींचा झुलता पूल आहे, तो आम्ही काथ्याचा बनवला होता. पूल ओढला आणि त्याच्यामागे, आईच्या जुन्या शालीत नीट गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. शाल जरा बाजूला केली. ताशा. पुसून चकचकीत. पट्टा नवा. काड्या दोन.

मी शाल परत सारखी केली आणि डिकी लावली.

"सापडला पूल?" बाबाने विचारलं.

"सापडला," मी म्हटलं. मला एवढा मोठा पूल सापडला होता, की विचारू नका.

*

मोरिमोतो बाई साध्या निळ्या ड्रेसमध्ये आल्या. बारीक, केस आखूड, हातात पर्स दोन्ही हातांनी धरलेली. प्रत्येक स्टॉलपाशी थांबून वाकून नमस्कार करत होत्या. क्योतोला त्या म्हणाल्या, "व्हेरी एलिगंट." आर्याने आमच्याकडे एलिगंट नजर टाकली.

मग त्या तोकुशिमाला आल्या.

नारुतोचे भोवरे आम्ही महमुदाचाचीच्या जुन्या वॉशिंग मशीनमध्ये केले होते. झाकण काढून, निळं पाणी भरून, वर कागदी होड्या. जुनैदने बटण दाबलं. पाणी गरगरलं, एक होडी बुडाली, मशीन थरथरत स्टॉलबाहेर चालायला लागलं आणि नाझिशने त्याला मिठी मारून थांबवलं.

मोरिमोतो बाईंनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. पण त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. आठवडाभर घासूनही नखं निळीच होती. मी हात मागे लपवले.

"नाही, नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "दाखव. आमच्या गावात रंगारी आजोबा होते. त्यांचे हात असेच." आणि त्यांनी माझी बोटं क्षणभर धरून ठेवली. मग विचारलं, "आणि नाचणार आहात?"

"हो, पण आमचे पाय जरा..." मी थांबले. "तुम्हीच बघा."

*

स्टेजवर आम्ही टोप्या घालून उभ्या. जुनैदने ड्रम वाजवला. उजवा हात उजवा पाय, उजवा हात उजवा पाय, असं मी मनात घोकत होते आणि पहिल्याच ओळीत लेफ्ट-राइट सुरू झालं. हॉलमधून टाळ्या आल्या, भारतीय आईबापांच्या टाळ्या, ज्या कशालाही येतात. पहिल्या रांगेत मोरिमोतो बाई हसऱ्या चेहऱ्याने, मांडीवर हात जोडून बसल्या होत्या. नम्र. पाहुण्यासारख्या. माहेरी आलेल्या बाईसारख्या अजिबात नाही.

मी हात वर केला. जुनैद थांबला. नाझिश टोपीखालून पुटपुटली, "काय गो करतेस?"

मी माइक उचलला. मागच्या वर्षीची मी असते, तर माइकनेच मला उचललं असतं.

"लेडीज अँड जेंटलमेन, तोकुशिमात या नाचाच्या दिवसांत नुसतं बघत उभं राहणाऱ्याला लोक हसतात. म्हणून आता मी काही बघणाऱ्यांना वर बोलवतेय. पहिल्यांदा, श्री. जयप्रकाश, ज्यांनी आज ताशा आणलेला नाही, त्यांना नम्र विनंती, की त्यांनी तो घेऊन वर यावं."

चौथ्या रांगेत बाबा ताठ झाला. त्याने हात हलवला, 'नाही, नाही.' लोक वळून बघायला लागले.

"त्यांना पुन्हा एकदा नम्र विनंती."

बाबाने दोन्ही हात हलवले. मग पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं, आधी पाहुण्यांना विचार! आई शेजारी बसून छताकडे बघत होती, पण तिचे खांदे मोरिमोतो बाईंसारखे हलत होते.

बरं. पाहुण्या आधी. मी स्टेजच्या कडेला गेले आणि खाली वाकले. "मोरिमोतो-सान, तुम्ही याल?"

त्यांनी नाकासमोर हात जोरजोरात हलवला. "नो, नो, नो. मला नीट येत नाही. खूप वर्षं झाली. प्लीज, तुम्ही मुलीच छान करताय."

शाळेतली मी म्हणाली, नाही म्हणजे नाही. महमुदाचाची म्हणाली, वाढ. पण जबरदस्ती नको, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. हात नको म्हणत होता. पण खुर्चीखाली उजव्या पायाची टाच उचललेली होती.

"थोडंसंच," मी म्हटलं. "आमचे पाय चुकतात. तुम्ही दाखवलंत, तर..."

"नो, नो," त्या म्हणाल्या. पण आता पर्स मांडीवरून खुर्चीवर आली होती.

"प्लीज. उजवा हात, उजवा पाय. आमच्यातल्या एकीलाही जमत नाहीये."

त्या उठल्या. बूट काढून खुर्चीखाली नीट जोडून ठेवले आणि पायऱ्या चढल्या. हॉलमध्ये एकदम आवाज उठला. नाझिशने स्वतःच्या डोक्यावरची चटई, म्हणजे टोपी, त्यांच्या डोक्यावर ठेवली.

मी माइकमध्ये म्हटलं, "आता पाहुण्या आल्या. जयप्रकाश?"

"पाहुण्या आल्या म्हणून हं!" बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नाहीतर माझी अजिबात इच्छा नव्हती." आणि बँकेच्या ऑडिटमधला तो भारदस्त माणूस, पट्ट्याच्या वर आलेलं पोट सावरत, पार्किंगकडे चक्क पळत सुटला.

तो आला तेव्हा ताशा गळ्यात होता. काड्या ताशावर पडल्या. पहिली दोन मिनिटं तो अगदी शहाण्यासारखा तोकुशिमाच्या तालात होता. टेबलावर जो वाजवला होता, तोच. म्हणजे माझ्या पाठीमागे त्याने सराव केला होता! मोरिमोतो बाईंनी हात वर नेले. मनगटं ढिली, बोटं वाऱ्यावर, उजवा हात उजवा पाय. जणू त्यांना कोणी वरून दोऱ्यांनी हलकेच उचललं होतं. आम्ही त्यांच्यामागे. कसं कोण जाणे, पाय जमले. उजवा, उजवा. डावा, डावा. मी आणि नाझिश एकमेकींकडे बघून किंचाळलो.

आणि मग बाबातला पुणेकर जागा झाला.

ताल चढायला लागला. जुनैदने ड्रमवर त्याला साथ दिली. चढला, आणखी चढला. माझ्या गटातल्या चार मराठी मुलींचे पाय बेइमान झाले. आमच्या हातात लेझीम नव्हतं, पण पायांना ते कुठे माहीत? आम्ही वाकलो, उठलो, पाय टाकले, आणि जपानी टोप्या घालून भर ईसा टाउनमध्ये लेझीम खेळायला लागलो. मी घाबरून मोरिमोतो बाईंकडे बघितलं. आता हॉलमधल्या एकमेव जाणकार व्यक्तीला कळणार, की हे सगळं खोटं आहे.

त्या वाकून लेझीम करत होत्या. चुकत होत्या. टोपी नाकावर आली होती आणि त्या पोट धरून हसत होत्या.

ताशा थांबल्यावर त्यांनी माइक मागितला. दम लागला होता. म्हणाल्या, "आमच्याकडे एक निवाका रेन असतो. ज्यांना काही येत नाही, ज्यांच्याकडे कपडे नाहीत, ज्यांनी सराव केलेला नाही, अशा सगळ्यांचा गट. रस्त्यात उभं असलेलं कोणीही त्यात शिरतं." मग टोपी सरळ करत हळूच म्हणाल्या, "मी लहानपणापासून त्यातच नाचायचे. चांगल्या रेनमध्ये मला कोणी घेतलंच नाही."

हमीदा मिस खाली टाळ्या वाजवत होत्या. आर्यासुद्धा. तीही एलिगंट नव्हती आता.

*

निघताना मोरिमोतो बाई गाडीपाशी आल्या. बाबाला वाकून नमस्कार केला, बाबाने त्यांच्याहून खाली वाकून केला, मग त्यांनी आणखी खाली. दोघंही जमिनीला लागतील असं वाटलं तेव्हा आईने मध्ये पडून सोडवलं.

"ऑगस्टात आम्ही तोकुशिमाला जाणार आहोत," त्या म्हणाल्या. "यंदा नक्की. तुम्ही या."

"थँक यू, थँक यू," बाबा म्हणाला.

"खरंच या. ताशा घेऊन." गाडीत बसल्यावर काच खाली करून पुन्हा, "प्लीज कम."

परतीच्या रस्त्याला लागलो. मग बाबा म्हणाला, "नाच बरा आहे त्यांचा. पण मिरवणुकीची खरी मजा लक्ष्मी रोडलाच." मी मागच्या सीटवर डोळे मिटून घेतले. पुणं परत आलं होतं.

"बाबा, त्यांनी बोलावलंय आपल्याला."

"अगं, असं म्हणायची पद्धत असते. खरं धरायचं नसतं."

"तीनदा म्हणाल्या," आई पुढून म्हणाली. "मी ऐकलंय."

बाबाने आरशात माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. सिग्नल लाल झाला. त्याची बोटं स्टिअरिंगवर चालायला लागली, उजवा, उजवा, डावा, डावा.

"तशी ऑगस्टात माझी लीव्ह शिल्लक आहे," तो म्हणाला. "पण छे, नको. एवढ्या लांब कुठे."

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

मी पुढे सरकले, दोन सीटच्या मधे तोंड घातलं आणि सुरू केलं, "असं काय रे बाबा, जाऊ या ना..."